घरची जुनी डिझेल मोटार

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक वाद निघाला आणि तो फराळाबरोबर तीन दिवस पुरला. विषय होता आमची मोटार. ही मोटार मीं २००६ सालीं, सेवानिवृत्त होण्याच्या दोन वर्षें आधीं, नवी कोरी घेतली. ती डिझेलवर चालणारी, पांच आसनांची व लहान बांध्याची आहे. कोणत्या कारखान्याची, तें येथें सांगत नाहीं. कारण पुढें तिचे गुण व दोष दोन्ही लिहावयाचे आहेत, आणि गुण लिहिले तर ती जाहिरात व दोष लिहिले तर ती फिर्याद समजली जाईल.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते, यास बोलण्यांत पासिंग म्हणतात. आमची पहिली मुदत २०२१ सालीं संपली, तेव्हां सहाशें रुपये फी भरून काम झालें होतें. आतां दुसरी मुदत संपत आली आहे. मध्यंतरीं, १ एप्रिल २०२२ पासून, ही फी पांच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेनें वीस वर्षें उलटलेल्या मोटारीस ती दहा हजार ठरली. पंधरा वर्षांवरील गाडीस महाराष्ट्रांत पर्यावरण कर पडतो तो निराळाच.

थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें कीं, "अण्णा, आतां पुरे झालें. वीस वर्षांच्या गाडीवर दहा हजार फी, वर कर, वर दुरुस्ती. हाच पैसा नव्या गाडीच्या हप्त्यांत घालूं." आमचे धाकटे बंधू बापू हे जुन्या वस्तूंचे जन्माचे कैवारी, त्यांच्या खोलींतील पंखासुद्धां त्यांच्या लग्नांतला आहे. ते उसळून म्हणाले, "जी गाडी एकदांही वाटेंत बसली नाहीं, ती मोडींत घालणें म्हणजे कृतघ्नपणा आहे!" (वस्तुतः ती एकदां बसली होती. तें पुढें येईलच.) असा गदारोळ चालला असतां आमच्या सूनबाई, ज्या एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात, चकलीचा तुकडा मोडतां मोडतां म्हणाल्या, "पैशाचें तुम्ही सगळे पाहा. पण सकाळीं गाडी सुरू झाली कीं बाळ खोकूं लागतो, त्याचा हिशेब कोणी मांडणार आहे कां?"

आमच्या सहा वर्षांच्या नातवास बाळदम्याची व्यथा आहे, आणि मोटार ज्या बोळांत उभी असते त्या बोळावरच त्याच्या खोलीची खिडकी उघडते. या प्रश्नावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. मला तर स्वतःची लाजच वाटली. वीस वर्षें मी या गाडीचा डिझेलचा, ऑईलचा व किलोमीटरचा जमाखर्च वहींत टिपून ठेवीत आलों. पण तिच्या मागच्या नळींतून काय बाहेर पडतें, याचें पान त्या वहींत नव्हतें. जुनी डिझेल मोटार ठेवण्यांत पुष्कळ अर्थ आहे, असें माझें पूर्वींपासून मत होतें व तें अद्यापि कायम आहे; मात्र त्यास कोणत्या अटी लागतात, तें मला त्या दिवाळीनंतर सूनबाईंसह वही घेऊन बसल्यावरच कळलें. अशीच एखादी जुनी गाडी वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं असेल, म्हणून तो सगळा हिशेब येथें मांडतों.

प्रथम या इंजिनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्याचें दीर्घायुष्य व त्याचा धूर हीं दोन्ही त्याच्या घडणींतूनच निघतात. डिझेल हें आपण तेलाचें नांव समजतों. मूळचें तें एका माणसाचें आडनांव. रूडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनीअरनें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत या जातीचें एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें होतें. प्रवासी मोटारींत त्याचा शिरकाव होण्यास मात्र १९३६ साल उजाडलें; त्या वर्षीं पुढें आलेली मर्सिडीझ २६० डी ही अशा पहिल्या गाड्यांपैकीं एक. आपल्याकडे तर हें इंजिन मोटारीच्या पुष्कळ आधीं शेतांत आलें. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीच्या कांठावरचा तो एकसुरी ठोका आमच्या पिढीच्या कानांत कायमचा बसला. मोटार म्हणून डिझेलचा विचार करणें हें मध्यम स्थितींतील माणसास फार दिवस चमत्कारिक वाटे. डिझेल म्हणजे एस. टी. आणि मालमोटार, अशीच समजूत होती. डिसेंबर १९९८ मध्यें पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून टाटांची इंडिका निघाली व तिच्यांत १४०५ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन मिळूं लागलें, तेव्हांपासून ही समजूत पालटली असें म्हणतां येईल.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांच्या मिश्रणास विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहींच. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें टोंक हातास चटका देण्याइतकें तापतें, हा अनुभव प्रत्येकास आहे. तोच प्रकार येथें पराकाष्ठेस नेलेला असतो. आमच्या गाडीसारख्या जुन्या धाटणीच्या लहान इंजिनांत हवा मूळ जागेच्या सुमारें बाविसाव्या हिश्शांत दाबली जाते. ती इतकी तापते कीं तिच्यांत डिझेलचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. हा दाब सोसण्यासाठीं इंजिनाचा सांगाडा, दट्टे, दांडे सर्व कांहीं जाडजूड करावें लागतें. त्यांतच त्याच्या टिकाऊपणाचें रहस्य आहे. शिवाय डिझेल स्वतःच थोडें स्निग्ध असल्यामुळें पंपास वंगण मिळत राहतें, आणि इंजिन कमी फेऱ्यांत काम करीत असल्यानें झिजतेंही कमी.

ग्रीस देशांतील थेस्सलोनिकी शहरीं ग्रेगोरिओस सखिनिदिस नांवाचा एक टॅक्सीचालक होता. १९७६ सालची मर्सिडीझ २४० डी त्यानें सेहेचाळीस लाख किलोमीटर चालविली आणि २००४ सालीं ती त्या कारखान्यानें आपल्या संग्रहालयांत ठेवून घेतली. ही गोष्ट सांगतांना पुष्कळजण एक तपशील गाळतात, तो मी गाळीत नाहीं. हा पल्ला एकाच इंजिनानें गांठला नव्हता. दुरुस्त केलेलीं इंजिनें आळीपाळीनें बसविलीं गेलीं होतीं. तरीसुद्धां त्या गाडीची थोरवी कमी होत नाहीं. इंजिन उतरवावें, दुरुस्त करावें, पुन्हां चढवावें, इतकी ती गाडी सरळ व सुबोध होती, हेंच त्यावरून दिसून येतें.

हा सुबोधपणा म्हणजे काय, तें मला कुंभार्ली घाटांत समजलें. सात-आठ वर्षांपूर्वीं आषाढांत गुहागरजवळच्या आमच्या गांवाहून आम्ही परत येत होतों. गाडींत पांच माणसें, मागें तांदुळाचें पोतें, आमसुलें, फणसपोळी आणि आमच्या सौ.नीं हट्टानें घेतलेलीं अळवाचीं रोपें. वाटेंत एका पंपावर डिझेल भरलें होतें. चिपळूण सोडून घाट चढूं लागलों तों गाडी हुंदके देऊं लागली, आणि चौथ्या-पांचव्या वळणावर बंदच पडली. पाऊस कोसळत होता. फोनास रेंज नव्हती. थोड्या वेळानें मागून एक मालमोटार आली. तिच्या चालकानें खालीं उतरून, कांहीं न विचारतां, आमच्या गाडीचें झांकण उघडलें, डिझेल फिल्टरच्या तळाचा लहानसा स्क्रू सैल केला आणि "एखादी वाटी द्या," म्हणाला. सौ.नीं डब्यांतली वाटी दिली. वाटींत जें उतरलें त्याच्या तळाशीं स्वच्छ पाणी होतें व वर डिझेलचा तवंग तरंगत होता. त्यानें पाणी काढून टाकलें, रबराचा हातपंप वीस-पंचवीस वेळां दाबून नळींतली हवा बाहेर काढली, आणि किल्ली फिरविण्यास सांगितलें. इंजिन सुरू झालें. पैसे घेण्यास तो तयार नव्हता. शेवटीं दोन फणसपोळ्या नेल्या. ती वाटी मात्र घरीं आल्यावर कोणींच स्वयंपाकांत घेतली नाहीं; ती आजही गाडीच्या डिकींत आहे, आणि दर पावसाळ्याच्या आरंभीं फिल्टरचें पाणी काढण्याच्या कामीं येते.

नव्या डिझेल गाडीवर असा प्रसंग आला तर रस्त्यावरच्या माणसास तिची इतकी सहज चिकित्सा करतां येईल असें मला वाटत नाहीं. त्यांत इंधनाचा दाब प्रचंड असतो, फवाऱ्याचें नियंत्रण विद्युत्‌यंत्रणेकडे असतें, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमामुळें धुरांतील काजळी अडविणारी एक जाळी तिच्या पोटांत असते. ही जाळी भरली कीं ती आपोआप तापून आंतील काजळी जाळून टाकते. परंतु त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग व बऱ्या वेगानें धांवावी लागते. जी गाडी रोज मंडई, शाळा आणि देऊळ एवढीच जाते, तिची जाळी चोंदण्याचा संभव असतो, व ती बदलण्याचा खर्च ऐकून भल्याभल्यांस घाम फुटतो. ज्याला शहरांतच फिरावयाचें आहे, त्यानें नवी डिझेल गाडी घेण्यांत अर्थ नाहीं. मारुती कंपनीनें तर त्याच वर्षीं डिझेलच्या मोटारी करणेंच बंद केलें.

जुन्या डिझेल गाडीस आणखी एक लाभ अगदीं अलीकडे, अकल्पितपणें झाला. २०२५ सालापर्यंत देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. त्यापूर्वींच्या कित्येक पेट्रोल गाड्या या मिश्रणासाठीं बनविलेल्या नव्हत्या. त्यांच्या मालकांना रबरी नळ्यांची व कमी होणाऱ्या ॲव्हरेजची काळजी लागून राहिली. आमच्या शेजारच्या बंगल्यांतील पेट्रोल गाडीचे मालक त्या उन्हाळ्यांत दर रविवारीं झांकण उघडून नळ्या हुंगतांना दिसत. आमच्यावर ती पाळी आली नाहीं.

पैशाचा हिशेब फार वेळ सांगण्यासारखा नाहीं. आमची गाडी वर्षाकांठीं सुमारें ४,८०० किलोमीटर जाते व लीटरला १६ किलोमीटर देते. म्हणजे ३०० लीटर डिझेल. २०२५ च्या सुमारें नव्वद रुपये दरानें हे सत्तावीस हजार झाले. एके काळीं डिझेल पेट्रोलहून पुष्कळच स्वस्त असे. ऑक्टोबर २०१४ मध्यें त्याचा दर खुला झाल्यापासून ती मौज राहिली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. दुरुस्तीस माझ्या वहीप्रमाणें गेल्या दहा वर्षांत वर्षाकांठीं सरासरी बावीस हजार लागले. गाडीची स्वतःची किंमत आतां नाममात्र असल्यामुळें मी फक्त तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा उतरवितों. या आकाराच्या गाडीस त्याचा २०२२ सालीं ठरलेला हप्ता ३,४१६ रुपये, व त्यावर कर. पासिंगचे दहा हजार पांच वर्षांवर पसरले तर वर्षास दोन हजार. उलट, दहा लाखांची नवी गाडी घेतली तर त्या रकमेवर बँकेंत साडेसहा टक्क्यांनीं येणारें पासष्ट हजार व्याजच दरवर्षीं बुडतें, आणि गाडीची किंमत उतरते ती वेगळीच. चिरंजीवांनीं ही बेरीज दोनदां तपासली व तिसऱ्यांदा तपासण्याचें सोडून दिलें.

परंतु सूनबाईंचा हिशेब वेगळा होता. धुराचें खातें एक नसून दोन आहेत, आणि लोक तीं एकांत एक मिसळतात, हें त्यांनीं मला पहिल्याच दिवशीं बजावलें. पहिलें खातें कार्बन डायऑक्साइडचें. तो साऱ्या पृथ्वीची हवा तापवितो. दुसरें खातें काजळीचें. ती जवळच्या माणसाच्या फुप्फुसांत जाते.

पहिल्या खात्यांत जुनी गाडी आश्चर्यकारक रीतीनें जिंकते. एक लीटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आमच्या ३०० लीटरचा तो वर्षास ७९० किलो झाला. लीटरला २० किलोमीटर देणारी नवी गाडी घेतली तर वर्षास ६० लीटर, म्हणजे जवळजवळ १६० किलो वांचतील. पण नवी गाडी आकाशांतून पडत नाहीं. तिचें पोलाद, ॲल्युमिनियम, कांच, रबर, सर्व करतांना कित्येक टन कार्बन डायऑक्साइड आधींच हवेंत गेलेला असतो. तो पांचच टन धरला, तरी आमच्या एवढ्याशा वापरानें तो भरून निघण्यास तीस वर्षें लागतील! हें ऐकून बापूंनीं टाळी वाजविली.

सूनबाई म्हणाल्या, "थांबा, काका. दुसरें खातें अजून उघडलेंच नाहीं."

आमची गाडी भारत स्टेज ३ या नियमाची आहे. त्या नियमानें डिझेल मोटारीच्या धुरांत दर किलोमीटरला ०.०५ ग्रॅमपर्यंत कण चालत. स्टेज ६ मध्यें ती मर्यादा ०.००४५ ग्रॅम आहे. म्हणजे अकराव्या हिश्शाहून थोडी कमीच. आमचे ४,८०० किलोमीटर या दरानें गुणले तर वर्षाची काजळी निघते २४० ग्रॅम. सूनबाईंनीं हा आंकडा लिहून त्याखालीं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "पाव किलो. आणि हें गाडी नव्यासारखी धडधाकट असेल तर. नसेल तर किती, तें देवासच ठाऊक."

पाव किलो काजळी म्हणजे किती, तें ज्यांच्या घरीं पूर्वीं एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ धरीत असत त्यांस सांगावयास नको. तीळभर काजळानें बोट किती माखतें! त्यांतून डिझेलचे हे कण इतके बारीक असतात कीं नाकांतील केंस त्यांस अडवूं शकत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलचा धूर हा माणसास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला आहे. जुन्या डिझेल गाडीची स्तुति करणाऱ्या माणसानें हें वाक्य टाळून पुढें जाऊं नये, असें मला प्रामाणिकपणें वाटतें.

मग प्रश्न असा उरला कीं हा पाव किलो कोठें सांडतो? माझ्या वहींत प्रत्येक खेपेची नोंद असल्यामुळें त्याचें उत्तर मिळालें. वर्षांतील सुमारें ३,४०० किलोमीटर गांवच्या व इतर लांबच्या प्रवासांत जात होते. उरलेले १,४०० किलोमीटर म्हणजे भाजी, बँक, दवाखाना, लग्नकार्यें, अशा तीन-तीन चार-चार किलोमीटरच्या शेंकडों फेऱ्या. थंड इंजिन अपुरें जाळतें व अधिक धूर टाकतें. म्हणजे गाडीचा सर्वांत घाणेरडा धूर नेमका आमच्या बोळांत, सकाळच्या वेळीं, नातवाच्या खिडकीखालीं सांडत होता. इंजिन 'तापूं दे' म्हणून मी तें सुरू करून पांच-सात मिनिटें उभें ठेवीत असें. ही माझी वीस वर्षांची संवय. ती कोणीं शिकविली होती, तें आठवत नाहीं. तिची गरज नव्हती एवढें खरें. इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटानें सावकाश निघालें म्हणजे पुरतें.

हाच हिशेब वर्षास साठ हजार किलोमीटर जाणाऱ्या टॅक्सीस लावून पाहिला. तिची काजळी वर्षास तीन किलो, आणि तीही माणसांच्या गर्दींत. शिवाय तेथें नव्या गाडीनें वर्षास ७५० लीटर डिझेल वांचतें, म्हणजे तिच्या घडणींतील पांच टन अडीच वर्षांत फिटतात. तेव्हां टॅक्सीवाल्यानें जुनी डिझेल गाडी ठेवणें दोन्ही खात्यांनीं चूक. ज्यांस रोज वीस-पंचवीस किलोमीटर कचेरीस जावयाचें आहे, त्यांनींही हा लेख वाचून जुनी डिझेल गाडी घेऊं नये. त्यांस विजेची गाडी किंवा मेट्रो अधिक बरी. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांच्या मोहांत तर मुळींच पडूं नये. तेथें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं मनाई केली व सर्वोच्च न्यायालयानें ती २०१८ सालीं उचलून धरली. जुलै २०२५ मध्यें अशा गाड्यांस पंपावर इंधन न देण्याचा प्रयोगही झाला, पण तो थोड्याच दिवसांत थांबवावा लागला. पुढें ऑगस्टांत न्यायालयानें मालकांवर कडक कारवाई करूं नये असें सांगितलें, आणि डिसेंबरांत तें संरक्षण स्टेज ४ व त्यापुढील गाड्यांपुरतें मर्यादित केलें. अशा धरसोडींत तेथील मालक गाड्या मिळेल त्या किंमतीस परप्रांतीं विकतात. त्या गाड्या शहराच्या गर्दींत झिजलेल्या असतात.

नवें म्हणजे निर्मळच, असेंही समजण्याचें कारण नाहीं. फोक्सवॅगन कंपनीनें जगभरांतील सुमारें एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत तपासणीच्या वेळींच धूर कमी दाखविणारी युक्ति बसविली होती, हें २०१५ सालीं उघड झालें. परंतु दुसऱ्याच्या लबाडीनें आपली काजळी धुतली जात नाहीं.

म्हणून आम्हीं गाडी मिस्त्रीकडे नेली. धुराचा रंग पाहून इंजिनाचें दुखणें सांगतां येतें, हें त्यानें मला बोटानें दाखविलें. काळा धूर म्हणजे इंधन फार किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑईल जळतें आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आंत शिरतें आहे किंवा डिझेल न जळतां बाहेर पडतें आहे. आमचा काळा होता. पी. यू. सी. केंद्रांत डिझेल गाडीचें इंजिन पूर्ण जोरानें कांहीं वेळां फिरवून, धुरांतून प्रकाश किती अडतो, तें मोजतात. स्टेज ४ च्या आधींच्या गाडीस ६५ अंकांपर्यंत मोकळीक आहे, स्टेज ४ च्या गाडीस ५०. आमचा आंकडा आला ५८. कायद्यानें आम्ही उत्तीर्ण! त्या प्रमाणपत्राच्या जोरावर मी पूर्वीं सुखानें घरीं परतलों असतों.

मिस्त्रीनें एअर फिल्टर काढला तो शेणाच्या गोवरीसारखा दिसत होता. नोझल म्हणजे डिझेलचा फवारा सोडणाऱ्या तोट्या. त्या सात वर्षांत तपासल्या गेल्या नव्हत्या, आणि चारांपैकीं दोन फवारा सोडण्याऐवजीं थेंब टाकीत होत्या. फिल्टर बदलला, चारही नोझल दुरुस्त करून बसविले, पंपाची वेळ जुळविली; टायमिंग बेल्टचीही मुदत भरली होती, तो तुटला असता तर इंजिनाचाच निकाल लागला असता, म्हणून तोही बदलला. एकंदर खर्च चौदा हजार. पुन्हां मोजणी केली तेव्हां आंकडा आला ३१. वीस वर्षांच्या गाडीनें स्टेज ४ ची धुराची मर्यादा सहज पाळली, याचा आनंद होण्याऐवजीं मला सात वर्षांच्या आळसाची टोचणीच अधिक लागली. मी डिझेलचा थेंब न् थेंब मोजीत होतों, आणि तें अर्धवट जळून मुलाच्या खिडकींत जात होतें.

त्यानंतर घरांत जो तह झाला त्याचीं कलमें सूनबाईंनीं सांगितलीं व मीं वहींत लिहून घेतलीं. मोटार आतां बोळांत उभी राहत नाहीं. फाटकाबाहेर, आंब्याच्या पलीकडे राहते. ती शहरांतल्या कामास जात नाहीं. भाजीस पिशवी घेऊन पायीं, बँकेस बसनें, आणि चिरंजीवांच्या विजेच्या स्कूटरवर बाकीचें. पंधरा दिवसांतून एकदां तिला महामार्गावर तास-दीड तास चालवून आणतात, कारण फार दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते व डिझेलांत पाणी सांचतें. गांवीं जातांना मात्र ती आपली पूर्वींसारखीच पांच माणसें व पोतें घेऊन घाटांत दुसऱ्या गिअरमध्यें शांतपणें चढते. कोणी मागून भोंगा वाजविला तर वाजवूं द्यावा. दर सहा महिन्यांच्या मोजणींत आंकडा ४५ च्या वर गेला, तर दुरुस्तीशिवाय गाडी फाटकाबाहेर हलवावयाची नाहीं. आणि तळाच्या पत्र्यास खाऱ्या हवेनें गंज धरला किंवा इंजिन ऑईल जळूं लागलें, तर बापूंनीं अश्रू न ढाळतां ती नोंदणीकृत मोडणी केंद्राच्या स्वाधीन करावयाची. शेवटच्या कलमावर बापूंनीं सही करण्यास दोन दिवस घेतले.

नातवाचा खोकला थांबला, असें लिहिलें तर तें खोटें होईल. पुण्याची हवा कांहीं एकट्या आमच्या मोटारीनें बिघडलेली नाहीं. तथापि सकाळची ती ठराविक उबळ येत नाहीं, असें सूनबाई म्हणतात, आणि त्या उगाच बरें वाटावें म्हणून बोलणाऱ्यांतल्या नाहींत. खिडकी आतां उघडी असते. मोटारीवर त्या मुलाचा राग तर नाहींच. डिझेलचा रबरी हातपंप दाबण्याचा अधिकार आपला आहे, असें त्यानें जाहीर करून टाकलें आहे.

पासिंगची तारीख ज्येष्ठांतली मिळाली आहे. तोंपर्यंत मागचे दोन टायर व डाव्या दाराची रबरपट्टी बदलावयाची आहे. पट्टी तर बापूंनीं नाना पेठ पालथी घालून मोठ्या अभिमानानें आणलीसुद्धां. पण ती उजव्या दाराची निघाली.